सर्व्हर कोणता घ्यावा? एका जुन्या शोधनिबंधाची उलटतपासणी, वडीगोद्रीतून

‘जावातलं सॉफ्टवेअर चालवायचंय, भरवशाचा सर्व्हर कोणता?’ या ब्लॉगच्या वाचकांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. विचारणाऱ्यांत कुणी पतसंस्थेचे व्यवस्थापक असतात, कुणी कारखान्यात ऊसनोंदणीचा संगणक सांभाळणारे, कुणी दोन-तीन गावांतल्या अडत दुकानांना हिशोबाचं सॉफ्टवेअर पुरवणारे. प्रश्न साधा वाटतो म्हणून उत्तरही साधं हवं असतं: एक नाव सांगा, विषय संपवा.

अशी नावं सांगणाऱ्यांची कमी नाही. आडव्या रांगेत वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, टॉमकॅट. उभ्या रांगेत वेग, सुरक्षा, क्लस्टरिंग, सपोर्ट. आणि मधे बरोबर-चुकीच्या खुणा. असे तक्ते तुम्ही पाहिले असतील. या तक्त्यांवर विसंबून पैसे खर्च करू नका, एवढंच मला म्हणायचंय. का, ते समजून घ्यायला २००२ सालचा एक शोधनिबंध उघडू. त्याची ओळख करून देतो, मग त्याच्यावरही टीका करतो, कारण तोही आपल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देत नाही.

आधी शब्द नीट करून घेऊ. इथे सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात घोंघावणारा लोखंडी डबा नव्हे. जावाच्या जगात ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ हेही एक सॉफ्टवेअरच. तुमचं सॉफ्टवेअर त्याच्या आत राहतं. ब्राउझरकडून आलेली मागणी आत घेणं, डेटाबेसची जोडणी हाताशी ठेवणं, व्यवहार अर्धवट राहिला तर मागे फिरवणं, लॉगिन सांभाळणं, ही सगळ्यांना लागणारी कामं तो करतो. मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. ओटा, भांडी, पाणी, मांडव, खुर्च्या सगळं तिथलं. आचारी आणि स्वयंपाक तुमचा. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही अशी भरलेली कार्यालयं. टॉमकॅट म्हणजे नुसता हॉल: बसायची सोय चोख, बाकीचं तुम्ही आणा. आणि २०१४ साली आलेलं स्प्रिंग बूट म्हणजे टेम्पोत मांडव घालून येणारा केटरर. सर्व्हर त्याच्या पोटातच असतो (बहुतेक वेळा तो टॉमकॅटच असतो), वेगळं कार्यालय लागत नाही.

भरलेल्या कार्यालयात काय काय असावं याची यादी सन कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये जेटूईई या नावाने काढली. त्याच सुमारास टॉमकॅट सनकडून अपाचे प्रतिष्ठानाकडे गेला आणि जेबॉस हा मोफत सर्व्हरही जन्माला आला. यादी एक आणि विकणारे अनेक, त्यामुळे ‘कुणाचं कार्यालय चांगलं’ हा वाद तेव्हापासूनचा. तक्त्यांची परंपरा तिथून सुरू होते.

आता निबंधाकडे. इमॅन्युएल सेशे, ज्युली मार्गेरित आणि विली झ्वानेपूल हे त्याचे लेखक. अमेरिकेतलं राइस विद्यापीठ आणि फ्रान्समधली इन्रिया या त्यांच्या संस्था. २००२ च्या ऊप्स्ला परिषदेत त्यांनी तो मांडला. त्यांनी एक लिलावाचं संकेतस्थळ बनवलं, नाव रुबिस. वस्तू मांडणं, बोली लावणं, शेरा लिहिणं, अशा २६ प्रकारच्या क्रिया त्यात होत्या. हे एकच संकेतस्थळ त्यांनी पाच वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून काढलं आणि दोन मोफत सर्व्हरांवर चालवून बघितलं: जेबॉस आणि जोनास. या दोघांची आतली बांधणी उलट्या टोकाची. जेबॉस लागणारे दुवे चालता चालता तयार करायचा, जोनास ते आधीच तयार करून ठेवायचा.

तक्तेवाल्याने काय केलं असतं? ‘जेबॉस विरुद्ध जोनास, कोण जिंकला’ असा मथळा दिला असता. निबंधाचा निष्कर्ष मात्र असा की वेग ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने लिहिलं ती. साध्या ‘सेशन बीन’ पद्धतीने लिहिलेली आवृत्ती नुसत्या सर्व्हलेटवर लिहिलेल्या आवृत्तीइतकीच चालली, आणि ‘एन्टिटी बीन’ वापरणाऱ्या बहुतेक आवृत्त्यांपेक्षा दहापटीच्या घरात सरस ठरली. सेशन बीनच्या बाबतीत सर्व्हरच्या आतल्या बांधणीने फारसा फरक पडलाच नाही.

ही दोन बीनं काय भानगड आहे ते पतसंस्थेच्या भाषेत सांगतो. समजा, पिग्मी एजंट संध्याकाळी चारशे खात्यांची वसुली घेऊन आला. एका पद्धतीत सॉफ्टवेअर डेटाबेसला म्हणतं, ‘या एजंटची चारशे खाती, नाव आणि शिल्लक, एकदम दे.’ एक प्रश्न, एक उत्तर. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक खातं ही एक स्वतंत्र वस्तू. सॉफ्टवेअर पहिल्या खात्याला विचारतं तुझं नाव काय, मग विचारतं शिल्लक किती, मग दुसऱ्या खात्याकडे वळतं. रोखपालाने प्रत्येक सभासदासाठी तिजोरी उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची, तसला प्रकार. एन्टिटी बीन हे असं होतं. अशा रोखपालाला कितीही भारी तिजोरी आणून द्या, रांग हलणार नाही.

‘एन्टिटी बीन तर कधीच मेलं,’ असं जाणकार वाचक म्हणतील. बरोबर आहे. २००६ साली जावा ईई ५ आलं, त्यात ही पद्धत बाजूला पडली. रोग मात्र नाव बदलून जिवंत आहे. आज हायबरनेट वापरणाऱ्या कोणत्याही टीमला विचारा, एका यादीसाठी डेटाबेसला एकऐवजी चारशेएक प्रश्न जाताना त्यांनी पाहिलेले असतात. म्हणून हा जुना निबंध मला अजून महत्त्वाचा वाटतो. विक्रेता जेव्हा म्हणतो, ‘सॉफ्टवेअर ठीक आहे, सर्व्हर बदला, मोठा घ्या,’ तेव्हा त्याला एवढंच विचारा: एका पानासाठी डेटाबेसकडे किती प्रश्न जातात? हा आकडा त्याला ठाऊक नसेल तर सर्व्हरचं बोलणं तिथेच थांबवा.

आता टीका.

पहिली गोष्ट, हा निबंध वेगाचा आहे, भरवशाचा नाही. रुबिसच्या प्रयोगात सर्व्हर पडला तर काय, वीज गेली तर काय, हे प्रश्न नाहीत. सेकंदाला किती मागण्या पुऱ्या झाल्या, हे मोजलंय. वाचणारे मात्र वेगालाच भरवसा समजतात. जोरात पळणारा बैल आणि वर्षानुवर्षं औताला टिकणारा बैल यांतला फरक आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही, पण सॉफ्टवेअर विकत घेताना तो विसरला जातो.

दुसरी गोष्ट कामाच्या मिश्रणाची. रुबिसच्या बोली-मिश्रणात लिहिण्याच्या क्रिया १५ टक्के, बाकी सगळं नुसतं बघणं. लिलावाच्या संकेतस्थळाला ते शोभतं. पतसंस्थेत संध्याकाळी उलटं असतं. पिग्मी जमा, कर्जाचा हप्ता, दिवसअखेरची व्याज आकारणी, सगळं लिहिणंच लिहिणं. आणि प्रत्येक नोंद एक तर पूर्ण झाली पाहिजे किंवा अजिबात नाही. लिलावात एक बोली हरवली तर माणूस पुन्हा लावतो. जमा केलेला हप्ता हरवला तर सभासद दारात येऊन उभा राहतो. त्यामुळे रुबिसच्या आकड्यांवरून आपल्या कामाचा आकडा काढणं चूक आहे.

तिसरी गोष्ट लेखकांच्या हातात नव्हती, पण सांगितली पाहिजे. त्यांनी मोफत सर्व्हरच का मोजले? पैसे देऊन घ्यायच्या अनेक सॉफ्टवेअरच्या परवान्यात अट असते की आमच्या परवानगीशिवाय वेगाची मोजमापं छापायची नाहीत. या अटीला डेविट नावाच्या एका प्राध्यापकाचं नाव चिकटलंय, कारण १९८० च्या दशकात त्यांनी डेटाबेसांची मोजमापं छापली आणि ऑरॅकलला ती रुचली नाहीत. म्हणजे महागड्या सर्व्हरबद्दल तुम्हाला जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं विकणाऱ्याच्या संमतीने आलेलं असतं. तक्ता वाचताना हे डोक्यात असू द्या.

मग भरवशाबद्दल कुणी मोजलंय का? मोजलंय. स्टॅनफर्डच्या जॉर्ज कांडिया, अर्मांडो फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक निबंध लिहिला. गंमत म्हणजे त्यांनी हेच लिलावाचं संकेतस्थळ घेतलं, त्यात बदल केले आणि जेबॉसवर चढवलं. त्यांचा मुद्दा आपल्या रोजच्या अनुभवातला आहे: काय बिघडलं ते कळत नाही, पण बंद करून चालू केलं की चालतं. मग सगळंच कशाला बंद करायचं? बिघडलेला तेवढाच भाग बंद करून चालू करू. याला त्यांनी ‘मायक्रोरीबूट’ म्हटलं. जेबॉससकट सगळं पुन्हा उठायला १९ सेकंदांच्या आसपास लागत होते, एक घटक उठायला एक सेकंदही लागत नव्हता, आणि वाया जाणारं काम दहापटीच्या घरात कमी झालं.

हे त्यांना साधलं, पण ते जेबॉसमुळे आपोआप साधलं नव्हतं. त्यांनी आधी सॉफ्टवेअर तसं घडवलं. कोण लॉगिन आहे, कुणाचा अर्ज किती भरून झालाय, ही चालू माहिती त्यांनी घटकांच्या पोटातून काढली आणि वेगळ्या जागी ठेवली. कायमची माहिती डेटाबेसमध्ये, चालू माहिती वेगळ्या कोठारात, आणि मधला घटक कधीही मेला तरी चालेल असा. सर्व्हरने थोडी मदत केली, बाकी घडण सॉफ्टवेअरची होती. दोन वेगळ्या गटांनी वेगळे प्रश्न विचारले आणि दोन्हींचं बोट सर्व्हरकडे न जाता सॉफ्टवेअरकडे गेलं, हे मला विशेष वाटतं.

याही निबंधावर माझा आक्षेप आहे. त्यातले बिघाड संशोधकांनी स्वतः घुसडलेले होते. अमुक तक्ता बिघडव, तमुक घटकाला मेमरी खायला लाव, असं. खरे बिघाड इतके शिस्तीत येत नाहीत. आणि घुसडलेल्या बिघाडांत माणूस कुठेच नाही.

माणूस का महत्त्वाचा, यासाठी थोडं मागे जाऊ. जिम ग्रे यांनी १९८५ साली टँडेम कंपनीच्या संगणकांच्या बिघाडांचा हिशेब मांडला. टँडेमची यंत्रं बँका आणि शेअर बाजारासाठी, कधी बंद पडू नयेत म्हणूनच बांधलेली. तरी बंद पडली, कशाने? ४२ टक्के वेळा सांभाळणाऱ्यांच्या हाताने, २५ टक्के सॉफ्टवेअरमुळे, यंत्राच्या बिघाडाने फक्त १८ टक्के. पुढे २००३ साली ओपनहायमर, गणपती आणि पॅटरसन यांनी तीन मोठ्या इंटरनेट सेवा तपासल्या. तिघांपैकी दोघींत चालकाची चूक हेच सर्वांत मोठं कारण निघालं, आणि त्यातही मांडणीच्या, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या चुका.

टँडेमकडे सांभाळणारे पगारी, शिकवलेले लोक होते. वडीगोद्रीसारख्या गावातल्या संस्थेत सांभाळणारा कोण? बहुतेक ठिकाणी रोखपालच, नाहीतर अंबड किंवा जालन्याहून फोनवर सांगणारा विक्रेत्याचा मुलगा. मग सर्व्हर निवडताना पहिला निकष कोणता असावा, सांगा. क्लस्टरिंगची खूण? ज्याला शेकडो सेटिंगा आहेत तो सर्व्हर, की ज्याला हात लावायची वेळच कमी येते तो? माझं मत स्पष्ट आहे. बघणारा अर्धवेळ असेल तर भरलेलं मंगल कार्यालय घेऊ नका. त्यातल्या न वापरलेल्या दहा खोल्यांना कुलूप लावायलाही माणूस लागतो.

कॉन्फिगरेशन म्हणजे काय असतं ते एका उदाहरणाने बघू, कारण इथे खरी गंमत आहे. टॉमकॅट काहीही न बदलता चालवला तर तो एका वेळी २०० मागण्या हाताळायला २०० धागे ठेवतो. स्प्रिंग बूटसोबत येणारी हिकारी ही जोडणी-व्यवस्था मात्र न बदलता ठेवली तर डेटाबेसच्या फक्त १० जोडण्या ठेवते. दोन्ही आकडे आपापल्या जागी शहाणे आहेत. आता दिवसअखेरीला कुणीतरी मोठा अहवाल काढला, असे दहा अहवाल दहा जोडण्या अडवून बसले. आत आलेले बाकीचे सगळे धागे वाट बघत राहतात. हिकारी ३० सेकंद थांबते आणि मग चूक कळवते. कॅशियरला दिसतं काय? पान गोल गोल फिरतंय. तो पुन्हा बटण दाबतो. पुन्हा. प्रत्येक दाबण्याने रांग वाढते. कुणीतरी म्हणतं, ‘सर्व्हर हँग झाला, हा टॉमकॅट फालतू आहे.’ टॉमकॅट बिचारा ठणठणीत असतो. जोडण्या दहाच्या शंभर करून टाकल्या तर? पोस्टग्रेस न बदलता एकूण १०० जोडण्याच देतो. म्हणजे गळा आवळायची जागा फक्त सरकली. खरा उपाय म्हणजे मोठे अहवाल वेगळ्या, छोट्या जोडणी-साठ्यातून काढणं आणि त्यांना वेळेची मर्यादा घालणं. ही गोष्ट तुम्हाला कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही, आणि संस्थेचा दिवस बुडतो तो अशाच गोष्टींनी.

आणि सॉफ्टवेअर लिहिणारेही काही कमी नाहीत. टोरोंटो विद्यापीठातल्या डिंग युआन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाच नावाजलेल्या प्रणालींमधले १९८ बिघाड तपासले. त्यांतल्या चार प्रणाली जावातल्याच: कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस. सगळी सेवाच कोसळली असे जे बिघाड होते, त्यांतले ९२ टक्के चुकीच्या हाताळणीने झाले. म्हणजे कार्यक्रमाला चूक कळली होती, त्याला इशारा मिळाला होता, पण पुढे काय करायचं ते नीट लिहिलेलं नव्हतं. काही ठिकाणी तर ‘कॅच’च्या कंसात फक्त ‘हे नंतर करू’ अशी टीप होती. जगातल्या उत्तम अभियंत्यांची ही कथा, तर आपल्या तालुक्याच्या विक्रेत्याकडून काय धरायचं? म्हणून विक्रेत्याला त्याचा कोड उघडायला सांगा आणि रिकामे ‘कॅच’ मोजा. त्यासाठी जावा यायला लागत नाही, कंसात काही आहे की नाही एवढंच बघायचंय.

‘पैसे दिले की निदान सुरक्षा तरी मिळते’ हा समजही तपासून घेऊ. नोव्हेंबर २०१५ मध्ये जावातल्या वस्तू ‘उलगडण्याच्या’ प्रक्रियेतलं एक भोक जाहीर झालं. मूळ अडचण एका सामायिक वाचनालयाशी, कॉमन्स कलेक्शन्सशी, जोडलेली होती. एकाच वेळी नावं कुणाची आली? वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस. महाग आणि मोफत शेजारी शेजारी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग फोर जेचं भोक उघड झालं तेव्हाही तेच, कारण ती लायब्ररी अनेकांच्या पोटात होती. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीतून २०१७ साली सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, ती अपाचे स्ट्रट्सच्या एका भोकातून. त्याची दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध होती, चोर मे महिन्यात आत शिरले. दोन महिने दुरुस्ती पडून होती. म्हणून ‘सुरक्षित सर्व्हर कोणता’ यापेक्षा ‘दुरुस्ती आल्यावर तुमच्याकडे ती किती दिवसांत बसते, आणि कोण बसवतं’ हे विचारलेलं बरं.

आता आयुष्याचा प्रश्न. आपल्याकडे संस्थेचं सॉफ्टवेअर एकदा घेतलं की दहा-पंधरा वर्षं चालवतात. तेवढा सर्व्हर टिकेल का? इतिहास बघा. ग्लासफिश हा तर खुद्द यादी बनवणाऱ्यांचा सर्व्हर. ऑरॅकलने सन विकत घेतली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ग्लासफिशचा विकतचा सपोर्ट पुढे देणार नाही असं जाहीर केलं. त्यातून काही लोकांनी पयारा उभा केला, म्हणून ग्लासफिशवाल्यांना वाट तरी मिळाली. अपाचे जेरोनिमोमागे आयबीएमसारखी कंपनी होती, तरी तो विझला. जेबॉस २००६ मध्ये रेड हॅटकडे गेला, त्याच्या मोफत आवृत्तीचं नाव पुढे वाइल्डफ्लाय झालं, आणि २०१९ मध्ये रेड हॅटच आयबीएमकडे गेली. वेबलॉजिक आधी बीईएचा झाला, २००८ पासून ऑरॅकलचा. मोठं नाव बघून घेतलेल्या गोष्टीचा मालक किती वेळा बदलतो, ते यावरून दिसतं.

त्यात २०२० च्या डिसेंबरात आणखी एक घोळ झाला. जावा ईई हे ऑरॅकलकडून एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे गेलं, नाव जकार्ता ईई झालं, आणि नावाच्या हक्कापायी कोडमधल्या ‘जावाएक्स’ने सुरू होणाऱ्या नावांचं ‘जकार्ता’ करावं लागलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. परिणाम असा की टॉमकॅट ९ वर चालणारं सॉफ्टवेअर टॉमकॅट १० वर जसंच्या तसं चालत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला तर जकार्ताची नावं आणि किमान जावा १७ लागतं.

हे आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर शोधगंगा घ्या. पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही ती चुकत नाही. प्रबंध शेवटी तिथेच जातो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ही शोधगंगा डीस्पेसवर उभी आहे. डीस्पेस जावात लिहिलेलं, एमआयटीचं ग्रंथालय आणि एचपी यांनी २००२ मध्ये काढलेलं, नेहमी टॉमकॅटवर चालवलं जाणारं. आता बघा: टॉमकॅट अपाचेकडेच राहिला, नियमाने दुरुस्त्या येत राहिल्या. तरी डीस्पेस वापरणाऱ्या ग्रंथालयांना घाम फुटला, कारण २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने जुनी दोन्ही दर्शनी रूपं काढून टाकली आणि २०२३ च्या जुलैत सहाव्या आवृत्तीचा सपोर्ट संपला. ज्यांनी जुन्या रूपात आपापल्या गरजेप्रमाणे बदल केले होते, त्यांना ते नव्याने लिहावे लागले. आठव्या आवृत्तीला टॉमकॅट १० लागतो. सर्व्हर निवडण्यात काही चुकलं नव्हतं; सरकली ती वरची इमारत. ग्रंथालयाचं बजेट करताना मात्र लोक सर्व्हरचाच खर्च धरतात.

आपल्या सहकारी सोसायट्यांना तर ही निवडही उरलेली नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. सॉफ्टवेअर देशभर एकच, नाबार्डच्या देखरेखीखाली. म्हणजे गावातल्या विकास सोसायटीच्या सचिवाने टॉमकॅट की वेबलॉजिक याचा विचार करायचं कारण नाही. त्याने विचारायचं ते हे: लाइन गेली, नेट गेलं, त्या दोन तासांत आलेल्या शेतकऱ्याची नोंद कुठे करायची, आणि नंतर ती आत कशी घालायची? वरच्या सर्व्हरची उपलब्धता कितीही नऊ-नऊ टक्क्यांत सांगा, धुळे-सोलापूर महामार्गावर खोदकामात केबल तुटली की इथली उपलब्धता शून्य. वर उल्लेखलेल्या लिलावाच्या संकेतस्थळाच्या दोन्ही प्रयोगांत हा बिघाड धरलेला नाही. मला ही संशोधनातली खरी पोकळी वाटते. प्रयोगशाळेतला ग्राहक नेहमी सर्व्हरच्या शेजारी बसलेला असतो.

स्वतः निवड करायची असेल त्यांच्यासाठी, आता माझं मत. चार-आठ शाखांची पतसंस्था, शंभराच्या आत एकाच वेळी वापरणारे, असं काम असेल तर स्प्रिंग बूट किंवा साधा टॉमकॅट आणि खाली पोस्टग्रेस, एवढं पुरे. जावा ओपनजेडीकेची, टेमुरिनसारखी मोफत बांधणी घ्या. ऑरॅकलची घेणार असाल तर २०२३ पासून तिचा दर संस्थेतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर असतो, जावा किती जण वापरतात त्यावर नाही, हे आधी वाचून घ्या. वाइल्डफ्लाय किंवा त्याची पैसे देऊन घ्यायची आवृत्ती कधी घ्यावी? एकाच व्यवहारात दोन वेगळे डेटाबेस किंवा डेटाबेस आणि संदेशांची रांग एकत्र बांधायची असेल तेव्हा. ही गरज खरीच असते, पण तुम्हाला ती आहे का, हे विक्रेत्याने एका कागदावर चित्र काढून दाखवलं पाहिजे. वेबलॉजिक-वेबस्फिअरला मी वाईट म्हणत नाही. मोठ्या बँकेकडे रात्रपाळीला माणसं असतात, चूक झाली तर विक्रेत्याला करारात धरायचं असतं. तिथे त्या पैशाला अर्थ आहे. आपल्याकडे ते पैसे बॅटरी-इन्व्हर्टरला, दुसऱ्या गावात ठेवलेल्या बॅकअपला आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या जाणत्या माणसाला द्या.

आणि सही करण्याआधी विक्रेत्यासमोर एक प्रयोग करा. चाचणीच्या यंत्रावर पिग्मीच्या पन्नास नोंदी टाकायला लावा, आणि पंचविसाव्या नोंदीच्या आसपास, न सांगता, यंत्राची वायर उपटा. पोस्टग्रेस आधी नोंदवहीत लिहितो आणि मग मूळ जागी, त्यामुळे डिस्क खोटं बोलत नसेल तर तो स्वतःहून सावरतो. यंत्र चालू करा आणि घड्याळ लावा. कुणीही हात न लावता लॉगिनचं पान यायला किती मिनिटं लागली, ‘जमा झाली’ असं पडद्यावर दिसलेल्या नोंदींतली एखादी गायब आहे का, आणि एखादी दोनदा पडली आहे का, हे तीन आकडे कागदावर लिहून त्याखाली विक्रेत्याची सही घ्या. हा प्रयोग करायला जो नकार देईल, त्याच्या सर्व्हरचं नाव विचारायचीही गरज नाही.

कुणी हा प्रयोग केलाच, तर आकडे मला जरूर कळवा. तिसरा, दोनदा पडलेल्या नोंदींचा आकडा बहुतेक जण बघत नाहीत, आणि माझ्या पुढच्या लेखाचा विषय तोच आहे.